एका यंत्रावर दोन कामें

साताऱ्यास आमच्या एका स्नेह्यांचें घर आहे. पंगतीस रोज अकरा पानें असतात, आणि तिजोरीची किल्ली थोरल्या बंधूंकडे. त्यांचा पुतण्या सांगलीस अभियांत्रिकी शिकतो. त्यानें घरीं कळविलें कीं, संगणकावर खेळतां खेळतां तोच खेळ लोकांस थेट दाखवितां येईल असें यंत्र हवें. आणि दुकानदार म्हणतो कीं, सर्वांत महाग प्रोसेसर घेतल्यावांचून हें साधणार नाहीं. त्याच वर्षीं घरांतील मुलीच्या शिक्षणाचा खर्चही दारांत उभा होता. थोरल्यांनीं आम्हांस विचारलें, "हा हट्ट कीं गरज?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराचें मर्म सांगलीच्याच इतिहासांत सांपडतें. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं तेथें 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, तेव्हां पात्रें अभिनय करीत आणि पदांतून कथा पुढें नेण्याचा भार सूत्रधार वाही. हीं दोन्ही कामें एकाच माणसावर पडतीं, तर धनुष्य उचलतांनाच बिचाऱ्याचा दम तुटला असता!

संगणकांतही असेंच घडतें. सेकंदास साठ चित्रें दाखवावयाचीं म्हणजे एका चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंदच मिळतात. हें खेळाचें काम. तींच चित्रें दाबून लहान करणें व इंटरनेटवर पाठविणें, हें प्रक्षेपणाचें काम. प्रोसेसरनेंच दोन्ही करावयाचीं, तर अधिक कोअर, म्हणजे अधिक हात, लागणारच. २०१७ सालीं एएमडीचे आठ कोअरचे रायझेन आले, तेव्हां थेट खेळणाऱ्यांस ते आवडले ते याच कारणानें.

परंतु आतां सूत्रधार निराळा ठेवितां येतो. एनव्हिडियाच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत २०१२ पासून चित्रें दाबण्यासाठीं 'एनव्हेंक' नांवाचा स्वतंत्र विभाग असतो. इंटेलच्या प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्समध्यें २०११ पासून 'क्विक सिंक' ही तशीच सोय आहे. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाअखेर 'एफ' अक्षर असतें, त्यांत हें अंगभूत ग्राफिक्स नसतें; चार पैसे वांचतात, पण सूत्रधारही जातो.

म्हणून आमचा सल्ला असा: सहा कोअरचा रायझेन ५ ७६०० आणि एनव्हेंक असलेलें कार्ड, हा संसारी घरास शोभणारा मेळ होय. आठ कोअरचा रायझेन ७ ७८००एक्स३डी खेळांत सरस आहे. त्याची तिसऱ्या पातळीची कॅश ९६ मेगाबाइट, तर ७६०० ची ३२. परंतु हा लाभ मुख्यतः खेळाचा. प्रक्षेपणासाठीं तेवढा खर्च करण्याचें कारण नाहीं. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचा जुना प्रोसेसर घेणाऱ्यानें जपावें. त्यांतील कांहींत २०२४ सालीं व्होल्टेजाचा दोष उघडकीस आला व कंपनीस हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढवावी लागली. मदरबोर्डाचें बायोस अद्ययावत आहे कीं नाहीं, हें तरी पाहावेंच.

आणखी एक गोष्ट कोणताही प्रोसेसर देऊं शकत नाहीं, ती म्हणजे इंटरनेटवर माहिती पाठविण्याचा वेग. सेकंदास ६ मेगाबिट पाठवावयाचे, तर तासास सुमारें २.७ गिगाबाइट जातात. जाहिरातींतील मोठा आंकडा बहुधा येण्याचा असतो. जाण्याचा आंकडा आधीं विचारून घ्यावा.

राहिला हट्टाचा प्रश्न. आम्हीं सुचविलें कीं, ओबीएस स्टुडिओ हा प्रोग्राम फुकट मिळतो. मुलानें तो आपल्या जुन्या संगणकावर घालून एखादा हलका खेळ महिनाभर नेमानें दाखवावा. नेम टिकला तर गरज, मोडला तर हट्ट. नेम टिकला. थोरल्यांनीं मधल्या किंमतीचें यंत्र घेऊन दिलें, आणि वांचलेली रक्कम मुलीच्या शिक्षणाकडे वळविली. एकत्र कुटुंबांत एका पानांत अधिक वाढलें तर दुसऱ्यांत कमी पडतें, हें ज्यास उमजलें त्यास प्रोसेसर निवडणें अवघड नाहीं.