बोलणे आणि पोहोचणे

व्यापारी कुटुंबांत बारावीनंतरच्या शिक्षणाचा मार्ग बहुधा आधीच आखलेला असतो. वाणिज्य शाखेची पदवी, जोडीला सी.ए. किंवा एम.बी.ए. आणि त्यानंतर पेढी. अशा घरातील मुलाने वा मुलीने पदवीसाठी ‘कम्युनिकेशन’ अर्थात संज्ञापन हा मुख्य विषय घेण्याची इच्छा व्यक्त केली, की ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. मूल बोलके असेल तर ‘त्याला शोभेल’ असे म्हटले जाते. अबोल असेल तर ‘हिचे तेथे काय काम?’ अशी शंका घेतली जाते. एखादे आजोबा तर सरळ विचारतात, की गिऱ्हाइकाशी बोलण्यासाठी आपल्या घराण्यात कोणाला कधी पदवी लागली? या साऱ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे संज्ञापन ही बोलण्याची कला होय. ही समजूत अपुरी आहे. तिच्या आधारे दिलेला होकार काय किंवा नकार काय, मुलाच्या उमेदीची तीन-चार वर्षे चुकीच्या वाटेला लावू शकतो.

या समजुतीला इतिहासाचा थोडा आधार आहे, हेही मान्य केले पाहिजे. अमेरिकेत १९१४ साली वक्तृत्व शिकवणाऱ्या १७ अध्यापकांनी इंग्रजीच्या अध्यापकांपासून वेगळे होऊन आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. तेथील संज्ञापन विभागांची एक वाट या वक्तृत्वशिक्षणातून निघाली. दुसरी वाट वृत्तपत्रविद्येची. मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्येच तिच्यासाठी वेगळे विद्यालय काढले होते. पुढे चित्रपट आणि रेडिओ आले, दोन महायुद्धांत प्रचाराचे सामर्थ्य जगाने पाहिले, आणि अभ्यासकांचे लक्ष वक्त्यावरून श्रोत्याकडे वळले. १९४८ साली हॅरॉल्ड लासवेल या राज्यशास्त्रज्ञाने या अभ्यासाची पाच अंगे मांडली: सांगणारा कोण, सांगतो काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला, आणि त्याचा परिणाम काय. यांतील शेवटची दोन अंगे ऐकणाऱ्याच्या बाजूची आहेत. विषयाची खरी कसोटी तेथेच लागते.

या कसोटीचा एक उत्तम दाखला महाराष्ट्राच्याच भूमीवर आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे २० कार्यक्रम प्रसारित झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. परिणामांची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवलेली होती. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर ग्रामस्थांच्या मुलाखती घेण्यात आल्या. रेडिओ आहे पण मंडळ नाही, आणि रेडिओच नाही, अशी गावेही तुलनेसाठी निवडण्यात आली होती. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडल्याचे आढळले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती भर फारच कमी होती. निवेदक तोच, कार्यक्रमही तेच. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या चर्चेमुळे.

ही तुलना केल्यावाचून, ‘कार्यक्रम उत्तम झाला’ एवढ्या समाधानावर सारे थांबले असते. ती कशी करावी, गावे कशी निवडावीत, प्रश्न कसा विचारला असता खरे उत्तर मिळते आणि मिळालेल्या उत्तरांची मोजदाद कशी ठेवावी, हे शिकणे संज्ञापनाच्या पदवीचे महत्त्वाचे अंग आहे. मुंबई विद्यापीठाने २००० साली ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’ हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. आज तो मल्टिमीडिया व मास कम्युनिकेशनमधील बी.ए. या नावाने ओळखला जातो. त्यात समाजशास्त्र, माध्यमविषयक कायदे आणि संशोधनपद्धती यांना स्थान आहे, आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांपैकी एक शाखा निवडायची असते. कॅमेरा आणि स्टुडिओ हा या शिक्षणाचा दिसणारा भाग. उरलेला पुष्कळसा भाग वाचन, लेखन आणि पडताळणी यांचा आहे.

पेढीच्या दृष्टीने या ज्ञानाला किंमत आहे काय? एकच उदाहरण पुरे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला किंवा तिची भलामण करणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच दोष घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या मालाविषयी कोणता दावा सिद्ध करता येईल आणि कोणता येणार नाही, हे छपाईपूर्वी सांगू शकणारा माणूस घरातच असणे हिशेबनीसाइतकेच मोलाचे आहे.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सी.ए.चे सभासदत्व किंवा वकिलीची सनद यांना कायद्याने जे स्थान दिले आहे, ते या पदवीला नाही. ती नसलेला माणूसही वार्ताहर होऊ शकतो, जाहिरात लिहू शकतो. त्यामुळे नोकरी देणारा गुणपत्रिकेबरोबर प्रत्यक्ष काम मागतो: लिहिलेला वृत्तान्त, केलेली पाहणी, तयार केलेली ध्वनिचित्रफीत. तीन वर्षांत असे काम हाती न जमल्यास पदवी दुबळी ठरते.

म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाची भव्य इमारत पाहून दिपून जाऊ नये. विद्यार्थ्यांकडून दर सत्रात किती लेखन करून घेतले जाते, ते कोण तपासून परत देते, संशोधनपद्धती शिकवणारा अध्यापक पूर्णवेळ आहे काय, मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांचे काम पाहावयास मिळेल काय, हे विचारावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातही ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द रूढ झाले आहेत. जेथे संज्ञापनाला वाणिज्य किंवा अर्थशास्त्राची जोड देता येते, तेथे व्यापारी घरातील मुलांनी ती अवश्य घ्यावी.

राहिला प्रश्न कोणाला पाठवावे याचा. पाहुण्यांसमोर धडाधड बोलणारा मुलगा येथे रमेल, असे नाही. एखादी अबोल मुलगी मात्र दुकानात बसली असता माल पाहून, भाव विचारून, काहीच न घेता परतलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहत राहते आणि आपण सांगितलेले त्याला नेमके कसे वाटले असेल, याचा विचार करते. या विषयाची पूर्वतयारी तिच्याजवळ आहे. तिला ‘तुझे तेथे काय काम?’ असे विचारण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी तिचे म्हणणे एकदा शांतपणे ऐकून घ्यावे.