गृहारोग्य : पित्त कीं जंतु?

चंदगडास काय किंवा पुण्यास काय, पोटांत जळजळूं लागलें कीं आपण पित्ताला व मिरचीला दोष देतों आणि चिमूटभर सोड्यावर वर्षें काढतों. परंतु जठरव्रणाचें एक मुख्य कारण ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतु होय. ऑस्ट्रेलियांतील मार्शल व वॉरन यांनीं तो १९८२ सालीं वाढवून दाखविला. १९८४ सालीं मार्शल स्वतः तो प्याले व आजारी पडले. २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें.

जगांतील जवळजवळ निम्म्या माणसांच्या पोटांत हा जंतु आढळतो. आपल्या देशांत प्रमाण त्याहून अधिक. तो बहुधा बालपणींच शिरतो. दाटीची वस्ती, पावसाळ्यांत गढूळलेलें ओढ्याविहिरींचें पाणी, शौचानंतर न धुतलेले हात, मोठ्यांनीं चावून बाळास भरविलेला घांस, हीं त्याचीं द्वारें. सोंवळें नेसल्यानें तीं मिटत नाहींत; साबण व उकळलेलें पाणी यांनीं बरींच मिटतात.

बहुतेकांस त्याचा उपद्रव होत नाहीं, हें खरें. तथापि कांहींस व्रण होतो, थोड्यांस कर्करोगहि. म्हणून दुखणें हटत नसेल, वजन घटत असेल वा शौचास काळें होत असेल, तर सोड्याचा डबा बाजूस ठेवून डॉक्टर गांठावा. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीनें जंतु कळतो व बहुधा दोन आठवड्यांच्या औषधानें जातो. मात्र बरें वाटतांच औषध अर्ध्यावर सोडूं नये, एवढें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.