माळ्यावरचे गाठोडे

वैशाख सरत आला की जैन घरांतील कामांना एक ठरलेली लय येते. चातुर्मास जवळ येत असतो. गहू आणि डाळी उन्हात घातल्या जातात, निवडून डब्यांत भरल्या जातात, गच्चीवर पापड वाळू लागतात. आजोळी आलेल्या मुलांच्या कलकलाटाने घर भरून जाते. दुपारी पेठेतील वर्दळ मंदावते, दुकानाची फळी अर्धी ओढली जाते आणि आमरसाच्या जेवणानंतर सारे घर पंख्याखाली विसावते. अशाच एखाद्या दिवशी साफसफाईच्या निमित्ताने कोणीतरी माळ्यावर चढते आणि पितळी भांड्यांच्या मागे लाल कापडात बांधलेले एक गाठोडे हाती लागते.

गाठोड्यात लांबट चोपडे असतात, काही पोस्टकार्डे असतात, एखादी जुनी हुंडी असते. अक्षर कोणालाच लागत नाही. घराला रंग द्यायचा असतो, जागा हवी असते आणि रद्दीवाला दारात उभा असतो. थोरले आजोबा आतल्या खोलीत झोपलेले असतात. त्यांना उठवावे की गाठोडे तसेच देऊन टाकावे, एवढाच प्रश्न त्या क्षणी घरापुढे असतो. तो लहान दिसला, तरी त्याचे उत्तर एकदा चुकले की पुन्हा सुधारता येत नाही.

याच ऋतूत, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी साजरी होते. गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांना जाणवले, की मुखपरंपरेने चालत आलेले श्रुत आपल्याबरोबर लोपून जाईल. त्यांनी दोन मुनींना बोलावून आपल्याजवळचे ज्ञान त्यांच्या स्वाधीन केले. त्या दोघांनी, म्हणजे पुष्पदंत आणि भूतबली यांनी, ‘षट्खंडागम’ ग्रंथबद्ध केला. त्याची पूर्ती या तिथीला झाली, असे परंपरा मानते. म्हणून या दिवशी मंदिरातील शास्त्रे बाहेर काढून पुसली जातात आणि त्यांना नवी वेष्टने चढवली जातात. श्वेतांबर घरांत हाच आदर कार्तिकातील ज्ञानपंचमीला व्यक्त होतो.

या ग्रंथाची पुढची कथा व्यापारी घरांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके सांभाळल्या गेल्या. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत, मस्तक नमवत आणि परतत. लिपी जुनी कन्नड असल्यामुळे त्या वाचू शकणारे फारच थोडे उरले होते. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद या दोन व्यापाऱ्यांना ही गोष्ट स्वस्थ बसू देईना. वाचणारे पंडित शोधून नकला करवून घेण्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवला टीकेसह पहिला खंड अमरावतीहून छापून प्रसिद्ध झाला. प्रती सुरक्षित होत्या, पण वाचणारा मिळाला तेव्हाच त्या बोलू लागल्या.

घरातले चोपडे म्हणजे शास्त्र नव्हे आणि त्यांना शास्त्राची जागा देण्याचे कारणही नाही. तरी धोका त्याच जातीचा आहे. कागद टिकतो आणि वाचणारा जातो. महाराष्ट्रात स्थिरावलेल्या अनेक पेढ्यांचे जुने व्यवहार मोडीत आहेत. मारवाडातून किंवा गुजरातेतून आलेल्या कुटुंबांचे चोपडे महाजनी वळणाच्या अक्षरात असतात. या अक्षरात काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असत, कारण लिहिणाऱ्याला घाई असे आणि वाचणाऱ्याला संदर्भ ठाऊक असे. त्यावरून एक विनोद पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. पेढीवरून पत्र गेले, ‘काकाजी अजमेर गया’. घरच्यांनी ते ‘काकाजी आज मर गया’ असे वाचले आणि रडारड सुरू झाली. विनोदातली गोम अशी की अशा पत्राचा खरा अर्थ अक्षरात नसून वाचणाऱ्याच्या आठवणीत असतो. ती आठवण ज्या घरात आज ऐंशीच्या पुढे गेली आहे, त्या घराजवळ वेळ थोडा आहे.

या कामाला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. चोपड्याच्या पहिल्या पानावर बहुधा ‘श्री’ची उतरंड असते आणि दिवाळीच्या वहीपूजनाचे शब्द असतात. गौतमस्वामींची लब्धी, अभयकुमाराची बुद्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागणारे ते शब्द अनेक घरांत अजूनही दरवर्षी लिहिले जातात. त्यामुळे मुलांना अक्षर ओळखण्याची सुरुवात तिथूनच करता येते. देशी नाम्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे, ही रीत आजोबांनी एकदा समजावली की पान उलगडू लागते. जमा-खर्चाच्या मधल्या ओळींत घराचा इतिहास पसरलेला असतो. कोणत्या साली दुकानाचे भाडे वाढले, कोणाच्या लग्नाला किती तूप आले, कोणत्या संघयात्रेसाठी रक्कम बाजूला काढली, पांजरापोळीला काय दिले, हे सारे त्यात सापडते.

तिथी आणि साल यांचा मेळ मात्र जपून घालावा लागतो. गुजराती चोपड्यांत विक्रम संवत कार्तिकात बदलतो आणि राजस्थानी कागदांत चैत्रात. कार्तिकी संवतातून नव्या वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करावेत आणि जानेवारीपासून आश्विन अमावास्येपर्यंत ५६. चैत्री संवतातून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ५६ वजा करावेत, म्हणजे इसवी सन मिळतो. आणखी एक फेर लक्षात ठेवावा. राजस्थानात महिना पौर्णिमेला संपतो आणि महाराष्ट्रात व गुजरातेत अमावास्येला. म्हणून मारवाडच्या पत्रातील ‘ज्येष्ठ वद’ हा इकडच्या पंचांगातील वैशाख वद्य पक्ष ठरतो. एकाच लग्नाच्या दोन तिथी पाहून दोन लग्ने मानण्याची चूक अशा वेळी सहज होते.

वडीलधाऱ्या माणसांना साल सहसा आठवत नाही, संकट मात्र आठवते. ‘छपन्नच्या दुष्काळात वडील इकडे आले’ असे आजी म्हणाल्या, तर तो संवत १९५६चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९००चा दुष्काळ होय. ‘प्लेगात गाव सोडले’ हे मुंबई-पुण्याकडच्या घरात बहुधा १८९६ नंतरच्या साथींकडे बोट दाखवते. पानशेतचा पूर १९६१चा, कोयनेचा भूकंप १९६७चा, मोठा दुष्काळ १९७२चा. म्हणून ‘कोणत्या साली?’ असे विचारण्याऐवजी ‘त्या वेळी आणखी काय घडले होते?’ असे विचारावे. उत्तर लांबते, पण त्या लांबलेल्या उत्तरातच साल दडलेले असते.

वंशावळ मांडताना अनेक घरांत एक उणीव राहून जाते. कागदावर पणजोबा, आजोबा, वडील आणि मुलगा अशी सरळ रेघ उतरते, पणजीचे नाव मात्र कोणालाच आठवत नाही. जुन्या काळात सर्वत्र असेच होते, असे मानण्याचे कारण नाही. मंदिरांतील पंचधातूच्या जुन्या प्रतिमांच्या मागे कोरलेले लेख पाहिले, तर त्यांत श्रेष्ठीचे नाव, त्याच्या भार्येचे नाव, पुत्रांची नावे, ज्ञाती, गच्छ, प्रतिष्ठा करणारे आचार्य आणि संवत असा क्रम वारंवार आढळतो. कित्येक लेखांत प्रतिमा आईच्या श्रेयासाठी भरवल्याचे नोंदलेले असते. पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या धातूवर जे नाव टिकले, ते चार पिढ्यांच्या घरगुती कागदावर नसावे, ही कमतरता याच उन्हाळ्यात भरून काढता येईल. आजोळी आलेल्या मुलांनी आजीला तिच्या आईचे, आजीचे आणि माहेरच्या गावाचे नाव विचारावे. त्या नावांची तिच्याहून चांगली वही घरात दुसरी नाही.

सुट्टीत वाचण्यासाठी या विषयाला साजेसे एक पुस्तकही आहे. आग्र्यात राहणाऱ्या बनारसीदास या श्रीमाळ व्यापाऱ्याने संवत १६९८ मध्ये, म्हणजे १६४१ साली, ‘अर्धकथानक’ नावाचे पद्यबद्ध आत्मचरित्र लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून आपली पंचावन्न वर्षांची कथा अर्धी आहे, असा त्या नावाचा अर्थ. बिहोली गावाच्या पूर्वजांपासून आरंभ करून ते आजोबा मूलदास यांच्याकडे येतात. हिंदी आणि फारसी शिकलेले मूलदास माळव्यात एका मुघल अधिकाऱ्याचे मोदी होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि त्यांची विधवा पत्नी लहान मुलाला घेऊन जौनपूरला माहेरी गेली. तिथून त्या घराचा व्यापार पुन्हा उभा राहिला.

बनारसीदासांनी आपले तोटे लपवले नाहीत. जवाहीर, तूप, तेल आणि कापड घेऊन ते आग्र्याला गेले आणि सारे भांडवल गमावून बसले. एका कचोरीवाल्याने त्यांना कित्येक महिने उधारीवर खाऊ घातले, हे त्यांनी कृतज्ञतेने नोंदवले आहे. सासुरवाडीला गेल्यावर पत्नीने साठवून ठेवलेले वीस रुपये गुपचूप त्यांच्या हाती ठेवले आणि आईला सांगून आणखी दोनशे मिळवून दिले, हेही त्यांनी लिहिले. अकबराच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा जौनपुरात दुकाने कशी बंद झाली, लोकांनी दागिने कसे पुरून ठेवले आणि आपण स्वतः जिन्यावरून कसे कोसळलो, तेही त्यात आहे. त्यांची नऊ मुले झाली आणि नऊही गेली. हे दुःख त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. मुंबईत ग्रंथप्रकाशन करणाऱ्या नाथूराम प्रेमी यांनी या ग्रंथाचे संपादन केले आणि पुढे त्याची इंग्रजी भाषांतरेही झाली.

या पुस्तकातून घरच्या इतिहासाची कसोटी मिळते. ज्या वंशकथेत केवळ नफा, दानशूरता आणि मानमरातबच आहे, ती अर्धीच खतावणी होय. नावे बाजूच नसेल तर मेळ बसणार कसा? दुकान बुडाले तेव्हा कोणी धीर दिला, भावांच्या वाटणीत कोण दुखावले, कोणत्या विधवा काकूने शिवण करून पुतण्यांना शिकवले, हे लिहिले तरच पुढच्या पिढीला त्याचा उपयोग. तोटा सोसलेल्या नातवाला आजोबांच्या यशापेक्षा आजोबांचा तोटा अधिक आधार देतो.

या छंदाला दोन मर्यादा हव्यात. पहिली आपल्या आचारातच सांगितलेली आहे. शास्त्रांनी ज्या आठ मदांपासून सावध केले, त्यांत कुलमद आणि जातिमद आहेत. पित्याकडच्या वंशाचा गर्व तो कुलमद आणि मातेकडच्या वंशाचा तो जातिमद, असा त्यांचा अर्थ केला जातो. श्वेतांबर परंपरेतील मरीचीची कथा सर्वांना ठाऊक आहे. आजोबा पहिले तीर्थंकर, वडील पहिले चक्रवर्ती आणि आपण पहिले वासुदेव होणार, या हर्षाने तो नाचला आणि त्या गर्वातून त्याने नीच गोत्रकर्म बांधले. पुढे तोच जीव भगवान महावीर झाला, पण त्या कर्माचे फळ त्यालाही चुकले नाही. वंशावळ काढणाऱ्याने ही कथा पहिल्याच पानावर आठवावी. पूर्वजांचा शोध ऋण ओळखण्यासाठी आहे, इतर घरांशी तुलना करण्यासाठी नाही.

दुसरी मर्यादा पेढीच्या नीतीची आहे. चोपड्यात आपल्याबरोबर इतरांचीही नावे असतात. कोणाचे कर्ज, कोणाचे गहाण दागिने, कोणाची न फिटलेली उधारी त्यांत नोंदलेली असते आणि त्यांचे वंशज आज त्याच गावात मानाने राहत असतात. मोबाइलवर छायाचित्रे जरूर घ्यावीत, परंतु असे पान नातेवाइकांच्या समूहात फिरवू नये. ज्या विश्वासाने ते नाव वहीत लिहिले गेले, तो विश्वास वही जुनी झाली म्हणून संपत नाही.

कागद सांभाळण्याची रीत आपल्या ज्ञानभांडारांनीच घालून दिली आहे. पाने कडक उन्हात न टाकता सावलीत, वाऱ्यावर मोकळी करावीत. मऊ ब्रशने धूळ झाडावी. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. स्वच्छ सुती कापडात बांधून त्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. जीव न मारता कसर दूर ठेवण्याचा हा जुना उपाय आहे. गाठोड्यावर एक चिठ्ठी लावावी आणि त्यावर हे कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या संवताचे, एवढे तरी लिहावे.

आर्द्रा नक्षत्र लागले की अनेक घरांत आंबा सुटतो, शाळा उघडतात आणि पाहुणी मुले परततात. तोपर्यंत जे दिवस आहेत, त्यांत रोज दुपारी अर्धा तास पुरेसा आहे. आजोबांनी चष्मा लावून एक पान वाचावे, आजीने त्यातली माणसे ओळखून सांगावीत आणि नातवाने शाळेच्या कोऱ्या वहीत देवनागरीत ते उतरवून घ्यावे. वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहावे, त्याखाली आजची तिथी लिहावी आणि मग पहिले नाव पणजीचे लिहावे. रद्दीवाल्याला त्या दिवशी फक्त वर्तमानपत्रे द्यावीत.