नदीकांठचे गुरुशिष्य

विलायतेंत बरींच वर्षें राहिलेल्या एका कुटुंबांतील वडील माणसांनीं आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. त्यांचा चौदा वर्षांचा नातू दर शनिवारीं शेजारच्या एका वृद्ध इंग्रज गृहस्थाबरोबर गळाची काठी घेऊन नदीवर जातो. मासा घरीं आणीत नाहीं, खात नाहीं. धरतो आणि सोडून देतो. आजींना हें मुळींच रुचत नाहीं. "खायचा नाहीं, तर त्या मुक्या जीवाला छळायचें तरी कशाला?" असा त्यांचा सवाल. मुलाचे वडील म्हणतात कीं, पोरगा फोनवरून डोळे काढून चार तास उघड्यावर बसतो, हेंच पुष्कळ. आम्हीं जन्मांत गळ हातीं धरिलेला नाहीं. तथापि प्रश्न गळापेक्षां मुलाचा अधिक आहे, आणि मुलांचे प्रश्न टाळण्याची आमच्या जुन्या धंद्यास संवय नाहीं.

प्रथम हा प्रकार काय आहे तें पाहूं. इंग्लंडांत गोड्या पाण्यांतील माशांचेहि दोन वर्ण मानलेले आहेत. सामन व ट्राउट हे वरच्या पंक्तीचे; रोच, टेंच, ब्रीम, चब, पर्च, बार्बेल, कार्प, पाइक हे बाकीचे सर्व 'कोर्स', म्हणजे भरड. आपल्याकडे तांदूळ-गहूं एका पंगतीला आणि नाचणी-वरी दुसऱ्या पंगतीला बसवितात, त्यांतलाच हा मासला. सामनच्या नद्या बहुधा जमीनदारांच्या ताब्यांत, व तेथें काठी टाकण्याचें मोलहि भारी. कालवे, तळीं आणि संथ वाहणाऱ्या नद्या मात्र गिरणी-कारखान्यांतल्या माणसांच्या वांट्यास आल्या. एकोणिसाव्या शतकांत शेफील्डचे कामगार सुटीच्या दिवशीं आगगाडीनें लिंकनशायरच्या पाण्यांवर जात. याच शेफील्डचे पार्लमेंटांतील प्रतिनिधि मंडेला यांच्या खटपटीनें १८७८ सालीं कायदा होऊन, अंडीं घालण्याच्या हंगामांत भरड मासे धरण्यास बंदी झाली. इंग्लंडच्या नद्यांवर आजहि १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत ती पाळतात, आणि १६ जूनची पहांट ही तिकडील गळवाल्यांची एक प्रकारें दिवाळी होय. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रांत घालीत नसत, त्याच जातीची ही मर्यादा. हौसेनें स्वतःस वेसण घालून घेतली, म्हणजे ती निव्वळ चैन राहत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

वृद्धानें तरुणास ही विद्या शिकवावी ही त्या देशांत जुनी चाल आहे. १६५३ सालीं आयझॅक वॉल्टन नांवाच्या लंडनच्या व्यापाऱ्यानें 'द कंप्लीट अँगलर' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. तेव्हां तो साठीच्या घरांत होता. पुस्तकाची मांडणी पाहिली तर आपल्याकडील गुरुशिष्यसंवादाचीच आठवण होते: मासे धरणारा एक आणि वाटेंत भेटलेला दुसरा असे बोलत बोलत ली नदीच्या बाजूनें चालतात, शंका-समाधानें होतात, आणि भेटलेला मनुष्य हळूहळू शिष्य बनतो. पुढें १६७६ च्या आवृत्तीस चार्ल्स कॉटन यानें दुसरा भाग जोडिला. कॉटन हा वॉल्टनहून सदतीस वर्षांनीं लहान. त्यानें डव्ह नदीच्या कांठीं बांधलेल्या लहानशा घराच्या दारावर दोघांचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून कोरविलीं आहेत. वयाचें अंतर मैत्रीस आड आलें नाहीं, याचा इतका सुटसुटीत पुरावा आमच्या तरी पाहण्यांत दुसरा नाहीं.

विसाव्या शतकांत हीच जोडी वर्तमानपत्राच्या पानावर अवतरली. बर्नार्ड व्हेनेबल्स या चित्रकार-लेखकानें 'डेली मिरर' मध्यें मिस्टर क्रॅबट्री व त्याचा मुलगा पीटर यांची चित्रमाला काढली. १९४९ सालीं तिचें पुस्तक झालें आणि त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. तोंडांत चिलीम असलेला बाप मुलाला ऋतुमानाप्रमाणें निरनिराळ्या पाण्यांवर नेतो, आणि कोणता मासा कोठें व कां असतो तें दाखवितो, एवढेंच त्यांत आहे. युद्धांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशांत, जेथें कित्येक मुलांचे बाप परतले नव्हते, तेथें हें पुस्तक घरोघर गेलें यांत नवल तें काय?

आतां तो वृद्ध मुलास शिकवितो तरी काय? लोकांची समजूत अशी कीं, गळ टाकायचा आणि बसायचें. प्रत्यक्षांत गळ टाकणें हें शेवटचें काम. आधीं दोरीस वजन बांधून पाण्याची खोली मोजावयाची, कारण टेंच व ब्रीम हे तळाशीं चरणारे, तर रोच मधल्या पाण्यांतहि वावरणारा. खोली चुकली तर दिवस फुकट. मग पावाचा चुरा किंवा मक्याचे दाणे थोडेथोडे, परंतु नेमानें, एकाच जागीं टाकीत राहावयाचे. एकदम ओंजळभर टाकिलें कीं मासे पोट भरून निघून जातात. (शिकविण्याच्या धंद्यांतील कित्येकांस हें सूत्र उमगावयास तीस वर्षें लागतात.) आपली सांवली पाण्यावर पडूं द्यावयाची नाहीं, आणि कांठावर पाय आपटावयाचा नाहीं, माशास जमिनीचा कंप कळतो. उन्हाळ्याच्या पहांटे टेंच चिखल उकरूं लागला म्हणजे बारीक बुडबुड्यांचा फेंस वर येतो, तो ओळखावयाचा. पाण्यावर तरंगणारें बूच कलंडलें, उचललें गेलें कीं सरकत बुडालें, यावरून खालीं कोण आहे याचें अनुमान करावयाचें. धूमावरून अग्नीचें अनुमान आम्हीं मुलांना फळ्यावर शिकविलें. येथें तेंच पाण्यावर चालतें आणि चुकल्यास पाणीच उत्तर तपासून देतें.

मासा हातीं आल्यावर तर खरी परीक्षा. हात आधीं पाण्यानें ओले करावयाचे, कारण कोरड्या हातानें माशाच्या अंगावरील चिकट थर निघतो आणि त्याला रोग जडतो. गळ सुटेपर्यंत त्याला ओल्या मऊ चटईवर ठेवावयाचें, आणि मग पाण्यांत धरून, तो आपण होऊन निघेपर्यंत थांबावयाचें. चौदा वर्षांच्या मुलाच्या धसमुसळ्या हातांना हा संयम शिकविणें सोपें नव्हे.

परंतु या सर्वांहून एक गोष्ट आम्हांस मोठी वाटते. या वयाचीं मुलें समोर उभीं करून विचारलें तर बोलत नाहींत. आमच्या टेबलापुढें आणलेल्या मुलांनीं आम्हांस आपल्या पायांच्या अंगठ्यांखेरीज क्वचितच कांहीं दाखविलें. तींच मुलें सहलीच्या वाटेवर, शेजारीं चालतांना, न विचारतां मन मोकळें करीत. नदीकांठीं दोघेहि एकाच बुचाकडे पाहत बसतात. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाहीं. अर्धा तास गप्प बसलें तरी तें अवघड वाटत नाहीं, आणि एखादें वाक्य सुटलें तर तें पाण्याकडे पाहत सुटतें. वृद्धासहि याची गरज कमी नसते. एकत्र कुटुंबांत आजोबांपाशीं नातवंडें आपोआप येऊन बसतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला शनिवारची वाट पाहावी लागते.

आतां आजींच्या आक्षेपाकडे वळूं. तो अज्ञानांतून आलेला आहे असें कोणी समजूं नये. २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं ट्राउटच्या तोंडाभोंवतीं पीडा जाणणारे मज्जातंतू असल्याचें प्रसिद्ध केलें. माशास होणारी जाणीव आपल्या वेदनेसारखी आहे काय, यावर शास्त्रज्ञांत वाद चालूच आहे. परंतु "माशाला कांहीं कळत नाहीं" हें जुनें समाधान आतां उरलें नाहीं. स्वित्झर्लंडांत तर, धरून सोडण्याच्याच उद्देशानें मासे धरण्यास २००९ पासून मनाई आहे. खाणार असाल तरच धरा, असें तेथील म्हणणें. म्हणजे आजींचाच प्रश्न तेथें कायद्यांत उतरला आहे! इंग्लंडनें उलट वाट धरिली. तेथील २००६ च्या प्राणिकल्याणाच्या कायद्यांतून नेहमींची गळमासेमारी वगळलेली आहे.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नदीवर नित्य बसणाऱ्यास नदीचें दुखणें सर्वांआधीं कळतें. डर्बी येथील गळवाल्यांच्या मंडळानें एक बलाढ्य कारखाना व खुद्द नगरपालिका यांजवर नदी नासविल्याबद्दल फिर्याद केली, आणि १९५३ सालीं अपील कोर्टांतहि ती जिंकली. गळाबरोबरचीं शिशाचीं वजनें गिळून हंस मरूं लागले, तेव्हां १९८७ सालीं त्या वजनांवर बंदी आली. ती मात्र गळवाल्यांच्या पापाचीच शिक्षा होती.

आणि हा छंद परकीयांचाच, असेंहि म्हणतां येणार नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' हें स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांत दोरी, काठी व निरनिराळ्या माशांचीं आमिषें यांचा विचार केला आहे. ज्या ग्रंथांत जुन्या मराठीचीं पदें सांपडतात, तोच हा. मात्र राजानें केलें म्हणून तें शुद्ध ठरत नाहीं. सोमेश्वराच्या करमणुकींत रेड्यांच्या झुंजीहि आहेत. आमच्या सुभाषितकारांना तर बडिश, म्हणजे गळ, दिसला कीं विषयलोभच आठवतो. नदीकांठचा म्हातारा त्यांच्या नजरेस कधीं पडलाच नाहीं.

आमचें मत विचारलें आहे, म्हणून सांगतों. आम्ही स्वतः काठी धरणार नाहीं, आणि आजींनीं आपलें मत बदलावें असेंहि म्हणणार नाहीं. परंतु मुलास मनाई करूं नये. मनाई केल्यानें मासा वांचेल, पण मुलाच्या आयुष्यांतला एक वडील मनुष्य जाईल, आणि तसा मनुष्य पुन्हां मिळेलच असें नाहीं. त्याऐवजीं आजींचा आक्षेप मुलाच्या कानीं पूर्ण घालावा, आणि त्यानें त्याचें उत्तर हातानें द्यावें: उलटा काटा नसलेला गळ वापरावा, मासे जाळ्यांत तासन्‌तास कोंडून ठेवूं नयेत, दिवसाकांठीं मोजके धरून बाकी वेळ नुसतें पाहावें. पुढेंमागें त्यानें आपण होऊन काठी खालीं ठेविली, तर घरांत कोणीं "आम्ही सांगतच होतों" म्हणूं नये.

आईबापांनींहि एखाद्या शनिवारीं बरोबर जाऊन बसावें. परक्या मनुष्याच्या स्वाधीन मूल करावयाचें तर त्याची ओळख हवी. सज्जन मनुष्यास याचा राग येत नाहीं, उलट बरेंच वाटतें. आजींची प्रकृति ठीक असेल तर त्यांनाहि न्यावें, घडीची खुर्ची आणि शाल बरोबर घेऊन, कारण तिकडे जूनची पहांटहि गार असते. आणखी एक: इंग्लंडांत तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांस मासे धरण्याचा परवाना फुकट मिळतो, परंतु काढावा लागतोच. तो या चिरंजीवांनीं काढला आहे कीं नाहीं, तेवढें आजच विचारून घ्यावें.