न उघडताच नापास

नागपूरच्या एका सेवा केंद्राने माझा कॅमेरा परत देताना पावतीवर लिहून दिले : ‘दुरुस्ती परवडणारी नाही.’ तपासणीचे पाचशे रुपये आधीच घेतले होते. मी काउंटरवरच्या मुलाला विचारले, बाळा, नेमके बिघडले काय? तो म्हणाला, “मॅडम, मॉडेल जुने आहे, पार्ट येत नाहीत.” ते कळले, पण कुठला पार्ट? त्याने संगणकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि नव्या कॅमेऱ्याचे रंगीत पत्रक पुढे सरकवले.

मी तेहतीस वर्षे पेपर तपासले आहेत. नापास करण्याचा अधिकार मलाही होता आणि मी तो वापरलाही. पण उत्तरपत्रिका न उघडता वरच्या पानावर शून्य लिहिले असते तर पालकांनी शाळेच्या फाटकात उभे केले असते मला! मुलगा कुठे चुकला हे सांगता येत नसेल तर मास्तराने लाल शाई हातात घेऊ नये, असे माझे साधे मत आहे.

आमच्या घरच्या मंडळींना हे पटत नाही. पुण्याचा भाचा म्हणतो, “मावशी, फेकून दे तो डबा. आता आरशाचे कॅमेरे राहिलेत कुठे?” त्याचे अर्धे म्हणणे खरे आहे. कंपन्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळल्या, म्हणून तर हे आरशाचे डीएसएलआर जुन्या बाजारात स्वस्त झाले आणि माझ्यासारखीला चौदा हजारांत मिळाले. विकणारा म्हणाला होता ‘अगदी कमी वापरलेला’. पुढे एका विद्यार्थ्याने फोटोच्या फाइलमधली नोंद वाचून दाखवली, बासष्ट हजार वेळा शटर उडालेले होते! कंपनी या शटरचे आयुष्य एक लाख सांगते. (ही अंदाजाची गोष्ट. काही शटर त्याआधीच जातात, काही दुप्पट चालतात. माणसांसारखेच.)

मला तो हवा होता आंधळगावसाठी. मोहाडीपासून जवळच कोशाच्या विणकरांचे हे गाव. तिथले हातमाग आता मोजके उरले आहेत. ज्या घरांत चालू आहेत तिथले हात म्हातारे आहेत. त्या अंधाऱ्या खोल्यांत मोबाईलचा फोटो येतो, पण सुताचा पोत येत नाही. चार घरे झाली, आणि पाचव्या घरी, आजी धोटा फेकत असताना, कॅमेऱ्याने ‘खट्’ असा अर्धाच आवाज केला. डोळ्यापुढे काळोख. पडद्यावर ‘एरर’.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. या कॅमेऱ्यात भिंगामागे पंचेचाळीस अंशात एक आरसा असतो. आपण डोळा लावून पाहतो ते त्या आरशाने वर पाठवलेले चित्र. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, मागचे शटर उघडते, प्रकाश सेन्सरवर पडतो, शटर मिटते आणि आरसा खाली येतो. सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत. डोळ्यापुढे काळोख राहिला म्हणजे आरसा वरच अडकला, एवढे तर दहावीच्या मुलालाही कळावे. पण का अडकला? कारण बॅटरीत असू शकते, भिंगात, आरसा हलवणाऱ्या यंत्रणेत किंवा शटरमध्ये. इथेच खरे तपासणे सुरू होते, आणि इथेच त्या केंद्राने थांबून पत्रक काढले.

मी घरी काय केले? आधी बॅटरी बदलली, कारण जुनी बॅटरी पूर्ण भरलेली दाखवते आणि मोटारीला जोर देताना मान टाकते. फरक नाही. मग भिंगाचे पितळी ठिपके स्वच्छ केले, खोडरबरने (शाळेतली सवय कामी आली). भिंग काढून, कॅमेऱ्यापासून दूर धरून, म्हणजे रबराचा चुरा आत जात नाही. फरक नाही. मग भिंग काढूनच बटण दाबले. तरी तेच, म्हणजे भिंग निर्दोष. तोंडातून टॉर्चने पाहिले तर आरसा अर्ध्यावर तिरपा, आणि त्यामागे शटरची काळी पाती जागच्या जागी, सरळ. आरशाला मात्र बोट लावले नाही. त्याचा मुलामा पुढच्याच बाजूला असतो, कपड्यानेसुद्धा ओरखडा येतो. पंपाने जोरात हवाही मारू नये, पाती वाकतात.

एवढे मला, बीए मराठीवाल्या म्हातारीला, अर्ध्या तासात कळले. पाचशे रुपयांत काय कळले होते ते अजून कळलेले नाही.

तुमसरला माझा एक जुना विद्यार्थी मोबाईल दुरुस्त करतो. त्याने कॅमेरा उलटा केला आणि हसला. “बाई, हे स्क्रू पाहा जी. खाचेत माती तशीच भरून आहे. याले कोणी उघडलंच नाही.” मग त्याने तळाचे झाकण काढले. आधी फ्लॅशचा कपॅसिटर रिकामा केला (बॅटरी काढली तरी तो जबर झटका देतो, म्हणून घरी कोणी हे करू नका). आरसा हलवणाऱ्या चक्रांतले ग्रीस वाळून गुळाच्या पाकासारखे चिवट झाले होते आणि त्यात बारीक धूळ. आमच्याकडे धानाच्या मळणीत ही धूळ कुठे जात नाही विचारा! तीन तास लागले. आरसा खाली आला. तीनशे रुपये मी बळजबरीने त्याच्या खिशात घातले.

गोड शेवट नाही मात्र. सावकाश वेगात फोटो नीट येतात, पण एक हजारांश सेकंदाच्या पुढे गेले की फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो. एवढ्या वेगात शटरचे दोन पडदे एकामागून एक धावतात आणि मधल्या फटीतूनच प्रकाश जातो. दोघांची चाल बिघडली की फट एका बाजूला मिटते. याला शटरचा नवा संच हवा. विद्यार्थ्याला त्या भागाचा क्रमांकही सापडला. पण कंपनी भाग फक्त आपल्या केंद्रांना देते, आणि केंद्र म्हणते पार्ट येत नाहीत. म्हणजे आता दुसरा एखादा मेलेला कॅमेरा शोधायचा आणि त्याचे शटर काढायचे. ज्याच्या हातात कसब आहे त्याला सुटा भाग नाही, आणि ज्यांच्या हातात भाग आहेत ते झाकण उघडत नाहीत. माझे भांडण इथे आहे.

कंपन्यांना जमत नाही असे नाही. कॅननच्या २००५ सालच्या ‘फाइव्ह-डी’चा आरसा निखळून पडायचा. तो कंपनीने फुकट पक्का करून दिला, आणि ही सोय सप्टेंबर २०१५ पर्यंत चालू ठेवली. निकॉनचा ‘डी सहाशे’ २०१२ मध्ये आला, त्याच्या फोटोंवर ठिपके येऊ लागले. फेब्रुवारी २०१४ मध्ये निकॉनने वॉरंटी संपलेल्यांनाही शटर मोफत बदलून द्यायचे जाहीर केले. गिऱ्हाईक ओरडले की दहा वर्षांपूर्वीचा आरसाही बसवता येतो. मोहाडीतून ओरडले तर तिथवर आवाज जात नाही, एवढेच.

हो, जुने भाग वर्षानुवर्षे गोदामात ठेवायला खर्च येतो. हे मी मानते. नका ठेवू. पण आराखडा खुला करा, क्रमांक आणि किंमत लिहा, उरलेला साठा तुमसरच्या पोराला विकत द्या. हातमागाचा धोटा झिजला तर सुतार दुसरा घडवतो. धोट्याचे मॉडेल बंद झाले असे आंधळगावात कोणी ऐकले नाही!

सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहने अशी क्षेत्रे त्यात धरली. चांगली गोष्ट. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने स्वतःहून माहिती टाकली तर ती तिथे दिसणार. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. त्याच्या यादीत धुलाई यंत्र आहे, फ्रीज आहे, मोबाईल आहे. कॅमेरा नाही.

आणि भाच्याचे ते दुसरे वाक्य, “सेकंडहँड घेतले की असेच होणार.” अरे, सावे दादांनी, म्हणजे भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती टिपली. पुढे त्यांनी कॅमेरा विकला आणि तो करंदीकर, पाटणकर, दिवेकर यांच्या हाती गेला. त्यांनीही त्यावर चित्रे काढली. आपल्याकडचा सिनेमाच हात बदललेल्या यंत्रावर चालायला शिकला. तेव्हा तुझा बिनआरशाचा कॅमेराही पाच वर्षांनी कोणाच्या तरी हाती जाणारच आहे रे, त्याला झाकण उघडणारा कुठे भेटेल ते आताच विचारून ठेव.

असो. मामा तलावावर आलेली बगळ्यांची रांग उडताना टिपायचे सध्या सोडून दिले आहे. हातमाग मात्र साठांश सेकंदात छान येतो, धोटा जरा अस्पष्ट राहतो तेवढाच. येत्या मंगळवारी पाचव्या घरच्या आजीकडे जायचे आहे. आणि त्या पाचशे रुपयांत नेमके काय तपासले, हे मी सेवा केंद्राकडे लेखी मागितले आहे. दोन आठवडे झाले. उत्तर आले की इथे टाकीनच.