जाऊन येतो

आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. लहानपणी चुकून कुणी म्हटलंच, तर आमची आज्जी हातातलं काम टाकून दारापर्यंत यायची आणि 'येतो म्हण' असं वदवून घेतल्याशिवाय पायरी उतरू द्यायची नाही. लग्न होऊन बेळगावला आले, तर सासूबाई जमखंडीकडच्या, घरात निम्मं कानडी. पण इथंही तोच नेम. 'होगि बर्तीनि' म्हटल्याशिवाय कुणी चप्पल घालायची नाही. माझी धाकटी बहीण बडोद्याला दिली आहे. तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारची बेन मला निरोप देताना म्हणाली, 'आवजो'. म्हणजे काय तर या. निघालेल्या माणसाला 'या' म्हणायचं! मला फार गंमत वाटली. तीन भाषा, पण निरोपाच्या शब्दात तिघींनीही परत येणं बांधून ठेवलेलं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बहिणीचा मुलगा पुढच्या शिक्षणाला कॅनडाला निघाला. 'ताई, तू आलीस तर मला धीर येईल,' असा तिचा फोन आला, म्हणून चार दिवस बडोद्याला गेले. दांडिया बाजारातलं जुनं घर. वाडवडील गायकवाडांच्या नोकरीत आलेले, ते तिथलेच झाले. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, आणि भाच्याच्या तोंडी दोन्हींची भेळ. हॉलभर सामान पसरलेलं. बहीण काट्यावर बॅगा चढवून वजन बघत होती. तेवीस किलोच्या वर गेलं की भाचा मेतकुटाचा डबा बाहेर काढायचा आणि तो आंघोळीला गेला की ती परत आत सरकवायची. बेळगावचा कुंदा मी नेला होता, तो मात्र दोघांनीही बाहेर काढला नाही.

सामानाची काळजी सगळ्यांनी केली, पण राहायचं कुठं याचा पत्ता नव्हता. कॉलेजच्या वसतिगृहात जागा संपलेल्या. 'पहिले दहा दिवस मित्राच्या खोलीत राहीन, मग बघू,' असं तो म्हणत होता. आई समोर असली की हसून, आणि ती स्वयंपाकघरात गेली की गप्प बसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणे मला सयाजीबागेत फिरायला घेऊन गेले. जुनी माणसं तिला अजून कमाटीबागच म्हणतात. एका वडाशी थांबून ते म्हणाले, 'ताई, परदेशातून शिकून आलेला आमच्या गावचा सगळ्यात मोठा विद्यार्थी इथं बसला होता.'

ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल, तरी त्या जागी उभं राहून ऐकताना ती वेगळीच लागते. सयाजीराव महाराज स्वतः १८८७ मध्ये पहिल्यांदा विलायतेला गेले आणि पुढं अनेकदा जात राहिले. जे पाहिलं ते आपल्या राज्यात आणायचा त्यांना ध्यास होता. अमेरिकेतली वाचनालयं पाहिली, तर १९१० मध्ये तिथून बॉर्डन नावाचे ग्रंथपालच त्यांनी बडोद्याला आणले. हुशार मुलांना शिष्यवृत्ती देऊन बाहेर पाठवणं हा त्याच ध्यासाचा भाग. १९१३ मध्ये असाच एक बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती आणि अट अशी की परत आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची. हे भीमराव रामजी आंबेडकर.

चार वर्षं ते न्यूयॉर्क आणि लंडनला राहिले. तिथं त्यांना कुणी जात विचारली नाही. वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी झालेली मैत्री पुढं जन्मभर टिकली. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की, परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ती परत जागी झाली, ती बडोद्याच्या स्टेशनावर.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान ज्या बोटीत होतं, ती पाणतीर लागून बुडाली. त्याच्या भरपाईच्या पैशातून बडोद्याचा प्रवासखर्च निघाला. करारातल्या शब्दाला जागून ते नोकरीवर हजर झाले. पण राहायचं कुठं? हिंदू खानावळीत घेणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी पारशांच्या एका धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघायच्या बेतात असताना हातात काठ्या घेतलेली माणसं जिना चढून आली. संध्याकाळपर्यंत खोली सोड, असा दम देऊन गेली. एका हिंदू मित्राला विचारलं, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्रानं बायकोचं कारण सांगितलं. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास कुठं काढायचे? ते या बागेत येऊन बसले.

आता तिथं संकल्पभूमी म्हणून लोक जातात. दर वर्षी २३ सप्टेंबरला मोठी गर्दी जमते.

मेहुणे सांगत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं. महाराजांनी या मुलाला शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांच्या राज्यात त्याआधीच शाळा निघाल्या होत्या. राजाच्या मनात काही कमी नव्हतं. पण राजाचा हुकूम कचेरीत चालतो. खोली देणारा, खानावळ चालवणारा, मित्र म्हणवणारा, यांच्या दारात हुकूम चालत नाही. तिथं ज्याचा त्याचा उंबरठा आणि ज्याचं त्याचं मन. बरं, एखाद्याच समाजाला बोल लावावा तर तसंही नाही. धर्मशाळेतून बाहेर काढणारे पारशी होते, आणि १९२० मध्ये शिक्षण पुरं करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा पैसे उसने देणारा भथेनाही पारशीच. मदतीचा दुसरा हात कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत दोघं एका व्यासपीठावर होते. आणि १९२५ मध्ये बाबासाहेब आपल्या निपाणीलाही परिषदेसाठी येऊन गेले. ही काही लांबची कथा नव्हे.

बडोद्याची मदत घेऊन शिकलेला आणखी एक विद्यार्थी तर थेट आपल्यातला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. जन्म २३ एप्रिल १८७३, जमखंडी. सासूबाईंच्या गावचे म्हणून मला त्यांच्याबद्दल थोडा जास्तच जिव्हाळा. कानडी मुलखात वाढलेला हा मराठी मुलगा पुण्यात कायदा शिकत असताना त्याला बडोद्याची शिष्यवृत्ती होती. पुढं १९०१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करायला गेले आणि १९०३ मध्ये परतले. तिथून त्यांनी प्रवासाची पत्रं लिहिली, रोजनिशी लिहिली. परत आल्यावर मात्र साहेबी थाटाची नोकरी न धरता प्रार्थनासमाजाचं काम घेतलं आणि १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्य मानलेल्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढलं. स्वतःचं बिऱ्हाड त्यांनी त्याच कामाच्या जागी नेलं. मराठी आणि कानडी यांचं नातं उलगडणारे लेखही त्यांनीच लिहिले. आपल्या घरातली अक्का, अण्णा, अप्पा ही नाती कुठली म्हणायची, यावर वाद घालणाऱ्यांनी ते जरूर वाचावेत.

रात्री भाचा निघाला. आईच्या पाया पडला, माझ्या पडला. 'येतो' म्हणाला. बहीण दारातच उभी राहिली, गाडी वळेपर्यंत. मी दुसऱ्या दिवशी पुण्या-मिरजेमार्गे बेळगावला परत आले.

पंधरा-वीस दिवसांनी त्याचा फोन. आईला न सांगता मावशीला केलेला फोन, म्हणजे काहीतरी असणार. खोली मिळत नव्हती. जाहिरात बघून फोन केला की बोलणं नीट सुरू व्हायचं, आणि नाव सांगितलं की खोली नुकतीच गेलेली असायची. 'पण मावशी, ते एक वेळ ठीक. आपल्याच एका घरी गेलो होतो. बडोद्याचा म्हटल्यावर खूश झाले, चहा दिला. मराठी म्हटल्यावर विचारलं, मच्छी-मटण खाता का? मग आडनाव विचारलं. मग म्हणाले, कळवतो.'

'आणि?'

'आणि काय. त्यांनी कळवलं नाही.'

मी चार धीराचे शब्द बोलले आणि फोन ठेवला. सासूबाई पलंगावर बसून वाती वळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वर न बघताच म्हणाल्या, 'आकि बर्तीनि अंदळु.'

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि तोंडाचं पाणी पळालं.

वाचकहो, आमच्या घराला वरच्या मजल्यावर एक खोली आहे, जिना बाहेरून. ती आम्ही शिकणाऱ्या मुलींना भाड्यानं देतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. नर्सिंगला प्रवेश मिळालेला. आडगावची माणसं, कानडीच बोलत होती. वडिलांनी टोपी काढून हातात घेतलेली. मी खोली दाखवली, भाडं सांगितलं, त्यांना पटलं. मग नेहमीसारखं विचारलं, आडनाव काय? खाणंपिणं काय? त्यांनी सरळपणे सांगितलं. मी म्हटलं, 'खरं म्हणजे एकांनी आधीच शब्द टाकलाय, त्यांचं नक्की झालं की कळवते.' कुणी शब्द टाकला नव्हता. त्यांनाही ते कळलं असणार. असं ऐकायची सवय असलेल्यांना ते पहिल्या शब्दातच कळतं. मुलगी जिना उतरताना माझ्याकडे वळून म्हणाली, 'बर्तीनि अक्का.' खोली पुढं चार महिने रिकामी राहिली.

मी स्वतःला वाईट माणूस समजत नव्हते, आजही समजत नाही. १४ एप्रिलला मी हार घालायला जाते. शाळेत असताना बाबासाहेबांवर निबंध लिहून बक्षीस घेतलं आहे. बडोद्याला त्या वडाखाली डोळ्यांत पाणी आलं ते खोटं नव्हतं. पण तिथं उभी असताना मला त्या काठ्या घेतलेल्या माणसांचा राग आला. 'माझे नोकर निघून जातील' म्हणणाऱ्या मित्राची आठवण मात्र कुठंच टोचली नाही. त्याच्या हातात काठी नव्हती. तो गोडच बोलला असेल, माझ्यासारखा.

भाच्याला अखेर खोली मिळाली. एक म्हातारी बाई, कुठल्याशा तिसऱ्याच देशातून चाळीस वर्षांपूर्वी तिथं आलेली. तिनं दोनच गोष्टी विचारल्या म्हणे. कधी येतोस, आणि थंडीचा कोट आहे का? नसेल तर मुलाचा जुना देते म्हणाली. त्या दिवशी बहिणीनं बडोद्यात आणि मी इथं, न ठरवता, दोघींनीही देवापुढं साखर ठेवली.

आम्ही त्या मुलीचा शोध घ्यायचा प्रयत्न केला. मिस्टरांनी ओळखीतून चौकशी केली, पण नाव-गाव मी नीट लिहूनच घेतलं नव्हतं. कशाला घेतलं असतं? आता तिचं शिक्षण संपत आलं असेल. कुठल्याशा दवाखान्यात ती कुणाची तरी शुश्रूषा करील, आणि त्या माणसाला ती आडनाव विचारणार नाही. चुकून आमच्यापैकीच कुणाची वेळ आली, तर तिनं मला ओळखू नये असं वाटतं, आणि ओळखावं असंही वाटतं.

यंदाच्या जूनमध्ये खोलीला पुन्हा मुलगी आली. मी भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली, रात्री दहाला फाटक लागतं ते सांगितलं. जीभ सवयीनं वळत होती, ती आवरली. सासूबाई खालून बघत होत्या. मुलगी सामान आणायला निघाली तेव्हा त्यांनीच हाक मारून विचारलं, 'यावाग बर्ती?'

'नाळे बर्तीनि, अज्जी,' ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी खरंच आली.

आपल्या सीमाभागातल्या किती घरांतून आज मुलं बाहेर आहेत! कुणी आखातात, कुणी जर्मनीत, कुणी नुसतं पुण्या-बेंगळुरात. तीही कुणाच्या तरी दारात उभी राहून कसल्या कसल्या प्रश्नांना उत्तरं देत असतील. आपण रोज त्यांच्यासाठी देवाला सांगतो, पोराला चांगली माणसं भेटू देत. ती चांगली माणसं म्हणजे कुणीतरी घरमालकीणच असते. जून-जुलै आला की आपल्याही गावात बाहेरची पोरं पाठीला पिशवी लावून खोल्या शोधत हिंडतात. त्यांच्या आयाही कुठंतरी हेच सांगत असणार. तुमच्या दारात असं कुणी आलं, तर पहिला प्रश्न 'कधी येतोस' हा विचारून बघा. नंतरचे बरेच प्रश्न मग विचारावेसेच वाटत नाहीत.