विज्ञान आणि व्यवहार : बोगद्याची किल्ली

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पण हा कारखाना कधीच एका जागी मावणारा नव्हता. लोहखनिज सुमारे ९० किलोमीटरवरील दल्ली-राजहऱ्याहून यावयाचे, चुनखडी नंदिनीहून, डोलोमाइट बिलासपूरकडील हिर्रीहून. भोवती लहानमोठे कारखाने, ठेकेदार आणि वाहतूकदार यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्यांचे हिशेब आज संगणकावर असतात, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर कित्येक ठिकाणी हिशेबनीसही घरूनच काम करू लागले. मग कचेरीची कागदपत्रे घरापर्यंत सुरक्षित न्यावयाची कशी?

दोन कचेऱ्यांमध्ये स्वतंत्र तार भाड्याने घेणे हा जुना मार्ग. तो खर्चिक, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी अशी तार नेणे तर अशक्यच. ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क’, म्हणजेच व्हीपीएन, सार्वजनिक इंटरनेटच्याच रस्त्याने जाते. पाठविणारा संगणक मजकुराचे सांकेतिक लिपीत रूपांतर करतो, तो दुसऱ्या पाकिटात बंद करतो आणि त्यावर केवळ कचेरीच्या प्रवेशद्वाराचा पत्ता घालतो. पाकीट तेथेच उघडते. वाटेत पाळत ठेवणाऱ्यास कोण कोणाशी जोडलेला आहे आणि किती मजकूर जातो एवढे कळते. आत काय आहे ते कळत नाही. दोन शाखांमधील असा बोगदा कायम उघडा ठेवता येतो. घरून काम करणाऱ्यासाठी मात्र तो दर वेळी ओळख पटवूनच उघडावा लागतो.

खरा धोका या ओळख पटविण्यातच आहे. अमेरिकेतील ‘कलोनियल पाइपलाइन’ ही टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत इंधन वाहून नेणारी वाहिनी ७ मे २०२१ रोजी बंद ठेवावी लागली. हल्लेखोरांनी बोगदा फोडला नव्हता. वापरात नसलेले, परंतु बंदही न केलेले एक जुने व्हीपीएन खाते त्यांना सापडले, आणि त्याला केवळ परवलीच्या शब्दाचे कुलूप होते. मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक अंकासारखा दुसरा पडताळा तेथे नव्हता. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली. पूर्व किनाऱ्यावरील अनेक पेट्रोल पंप कोरडे पडले.

आपल्याकडील लहान कचेऱ्यांत तर एकच परवलीचा शब्द चौघांत वाटून घेण्याची रीत सर्रास दिसते. ही काटकसर नव्हे. घरीही कामाचा संगणक मुलांच्या खेळासाठी दिला जातो. खेळाबरोबर एखादा घातक प्रोग्राम आत आला, तर बोगदा त्याला अडवीत नाही, उलट थेट कचेरीत पोहोचवितो. म्हणून आत आलेल्या माणसास सगळीच दालने खुली नसावीत. हिशेबनिसाला हिशेबाच्या वह्या दिसाव्यात, यंत्रांची नियंत्रणे दिसू नयेत.

भिलाईसारख्या गावी निवृत्तीचा दिवस म्हणजे घरोघरचा समारंभ असतो. शाल, श्रीफळ, हार आणि छायाचित्र. त्या दिवशी ओळखपत्र आणि कपाटाच्या किल्ल्या परत घेतल्या जातात. व्हीपीएनचे खाते त्याच सायंकाळी बंद करावे, आणि ते काम कोणाकडे आहे हे कचेरीत लिहून ठेवावे.